सहा बिऱ्हाडं, एक बोअर

मराठवाड्यात हातात चार पैसे आले की माणूस प्लॉट बघायला निघतो. पैसे निवृत्तीचे असोत, आडतीवरचे असोत, की समृद्धी महामार्गात गेलेल्या रानाच्या मोबदल्याचे. सहा बिऱ्हाडं राहत असलेली बांधीव इमारत विकायला आली, तरी तिच्याकडे तो प्लॉट म्हणूनच बघतो. किती स्क्वेअर फूट, रोड कितीचा, कॉर्नर आहे का, पूर्वमुखी आहे का. किराया किती येतो हा प्रश्न शेवटी, चप्पल घालता घालता निघतो, आणि मालक जो आकडा सांगेल तो खरा धरला जातो.

किरायाची इमारत घ्यायची तर ही वाट उलटी चालावी लागते. आधी किराया, मग ज्या पाण्यावर आणि भिंतींवर तो उभा आहे ते, मग कागद, आणि सगळ्यात शेवटी जागेचा भाव. या क्रमानं गेलं की विकणाऱ्याच्या किमतीचे दोन तुकडे पडतात. एक तुकडा किरायाचा, दुसरा जमिनीच्या आशेचा. दोन्ही विकत घ्यायला हरकत नाही, पण कुठल्या तुकड्याला किती पैसे मोजतोय हे कळलेलं असावं.

किरायाची सुरुवात किरायेदारापासून होते. तो कोण आहे आणि या गावात कशासाठी राहतो? लातूरला तो सोळा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. नीटच्या तयारीला आलेली, ट्यूशन एरियापासून पायी जाता येईल एवढ्याच अंतरावर राहणारी. तिथं खोलीचा नाही, कॉटचा भाव चालतो, म्हणून त्याच चार भिंतींतून कुटुंबापेक्षा जास्त पैसा निघतो. पण मे महिन्यात परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या होतात आणि जून-जुलैपर्यंत भरत नाहीत. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा नाही, दहाचा धरायचा. शिवाय दर वर्षी रंग, गाद्या, नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या. मार्च 2020 मध्ये शिकवण्या बंद पडल्या तेव्हा या खोल्या एका आठवड्यात ओस पडल्या, तो धोकाही याच धंद्याच्या पोटात आहे. नांदेडला भाग्यनगर, श्यामनगर, बाबानगर भागात थोड्या फरकानं हेच चित्र.

छत्रपती संभाजीनगरला वाळूजच्या बाजूला, म्हणजे बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी इकडे किरायेदार कंपनीतला. पगारी कामगार असेल तर वन बीएचके घेऊन कुटुंब आणतो आणि मुलांची शाळा सुरू झाली की पाच-पाच वर्षं हलत नाही. गुत्तेदाराकडचा कंत्राटी असेल तर चौघं मिळून दहा बाय दहाची खोली घेतात आणि ऑर्डर कमी झाली की एका रात्रीत गावी जातात. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात. तालुक्याच्या गावी मात्र बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले, महसुलातले लोक मिळतात. किराया पहिल्या तारखेला देतात, भिंतीला खिळा ठोकतानासुद्धा विचारतात, आणि बदलीच्या आदेशासरशी निघून जातात. त्यांच्या जागी दुसरा येईपर्यंत किती महिने लागतात हे त्या गावच्या किराणा दुकानदाराला विचारावं, त्याला नक्की माहीत असतं.

शोधायचंही असंच, पायी. मोबाईलवरच्या जाहिरातींत सहा बिऱ्हाडांच्या इमारती फार थोड्या येतात. ज्या येतात त्या बऱ्याचदा वर्षभर पडून असलेल्या. एक भाग निवडावा, मोटरसायकल कोपऱ्यावर लावून गल्ल्या पालथ्या घालाव्यात, ‘खोली किरायाने देणे आहे’ अशा पाट्या वाचाव्यात आणि किरायेदार म्हणून फोन करावा. पंधरा-वीस फोन झाले की त्या भागातला खरा दर कळतो: कितीला सांगतात, कितीला सुटतो, डिपॉझिट किती, पाणी किती दिवसांनी. एजंट नंतर गाठावा. त्याची दलाली बहुधा एक ते दोन टक्के असते. त्याच्याशी ती कशावर आणि कधी, हे इसार होण्याआधी बोलून घ्यावं. चांगल्या इमारती पुष्कळदा भावांच्या वाटणीतून बाहेर पडतात. बँकेच्या लिलावातही मिळतात, पण सरफेसी, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखालचा लिलाव ‘आहे तसं, आहे तिथं’ या बोलीवर असतो. आत बसलेले किरायेदार, थकलेला मालमत्ता कर, वीजबिल, सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात. पहिल्या खरेदीला ती वाट नको.

आता विकणाऱ्यानं सांगितलेला किराया. ‘सहा घरं, साडेसहा-साडेसहा हजार, एकही रिकामं नाही.’ हे तपासायचं साधन जिन्याखाली भिंतीवर लटकलेलं असतं. प्रत्येक मीटरचं महावितरणचं ताजं बिल मागावं. त्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. माणसं राहत असलेल्या घरात फ्रिज, पंखे, टीव्ही मिळून महिन्याला सत्तर-शंभर युनिट सहज जातात. एखाद्या मीटरवर आठ महिने पाच-दहा युनिट आणि गेले दोन महिने अचानक ऐंशी दिसले, तर ते घर विक्रीसाठी भरलंय हे समजावं. त्यात मालकाचा भाचा राहत असण्याचीही शक्यता असते.

मीटर एकच आहे का सहा, हेही तिथंच बघावं. घरगुती विजेचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. सहा घरांनी मिळून 540 युनिट जाळली आणि मीटर एकच असलं, तर पहिली 100 सोडून बाकी सगळी वरच्या दरांत पडतात. वेगळी मीटरं असती तर प्रत्येक घर 90 युनिटवर, पहिल्याच टप्प्यात राहिलं असतं. पहिल्या आणि वरच्या टप्प्यांतल्या दरात दुपटीहून जास्त फरक आहे. मग मालक सबमीटर लावून सरासरीनं पैसे वाटतो, दर महिन्याला भांडण होतं, आणि चांगला किरायेदार याच कारणानं निघून जातो. वेगळी मीटरं नसतील तर ती घ्यायचा खर्च, वायरिंग धरून, किमतीतून वजा करायचा.

पाण्यावर मात्र थांबलं पाहिजे. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ‘पाण्याची काही अडचण नाही’ हे वाक्य ऐकून मान डोलवणं परवडत नाही. हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मोजमाप माणशी दिवसाला 135 लिटर. सहा घरं, घरटी चार माणसं, म्हणजे 24 माणसं आणि दिवसाला 3,240 लिटर. नळ पाच दिवसांनी येत असेल तर दोन नळांमध्ये 16,200 लिटर लागतात. जमिनीखालचा हौद 4 मीटर लांब, अडीच रुंद, 2 खोल असेल तर त्यात 20 हजार लिटर मावतात आणि भागतं. गच्चीवर हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या आणि खाली हौदच नाही, अशा इमारतीत मात्र नळ कितीही जोरात आला तरी दुसऱ्याच दिवशी टँकर बोलवावा लागतो. हौदाचं झाकण उघडून आत टॉर्च मारावी. पाण्याची रेघ भिंतीवर कुठवर उठलीय ते बघावं. तो पूर्ण कधी भरतच नसेल तर रेघ खाली असते. शौचालयाची टाकी हौदापासून किती फुटांवर आहे, हेही वाकून बघितलंच पाहिजे.

बोअरचं विचारायचं ते तीन आकड्यांत: किती फूट घेतला, पाणी कितीवर लागलं, मोटर कितीवर सोडलीय. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांमध्ये असतं, त्यामुळं शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून याच्याही असेल असं नसतं. ऑगस्टमध्ये मोटर चालू करून दाखवली तर त्याला फारसा अर्थ नाही. मे महिन्यात जावं, हजार लिटरची टाकी रिकामी करून घ्यावी आणि घड्याळ लावावं. टाकी दहा मिनिटांत भरली, आणि पुन्हा तासाभरानं चालवल्यावर तशीच भरली, तर बोअर चांगला. पहिल्यांदा धो धो आणि दुसऱ्यांदा हवा ओढत असेल, तर तो नुसता साठलेलं पाणी देत होता. खोल बोअरचं पाणी बहुधा जड, क्षारांचं. तेच पाणी बांधकामाला वापरलेलं असेल तर भिंतींना जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरा खार फुटतो आणि प्लास्टर पिठासारखं झडतं. रंग देऊन ते थांबत नाही, प्लास्टर काढूनच नवं करावं लागतं.

उन्हाळ्याचा टँकर खर्चात धरायचा तो असा. नळ आणि बोअर मिळून निम्मी गरज भागते असं समजू. उरलेले 1,620 लिटर दररोज, 90 दिवस, म्हणजे 1,45,800 लिटर. 5,000 लिटरच्या टँकरनं 29 खेपा. खेपेला 700 रुपये धरले तर वर्षाला 20 हजार. किरायेदार हा खर्च उचलतील, असं विकणारा सांगतो. एखाद्या वर्षी उचलतात, दुसऱ्या वर्षी घर बदलतात.

भिंतींकडं वळू. मराठवाड्याच्या काळ्या मातीत घराचा पाया ही वेगळीच परीक्षा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायाचा खड्डा पक्क्या मुरुमापर्यंत गेलेला नसेल, किंवा प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई, न टाकताच भिंती उचलल्या असतील, तर दरवर्षी इमारत थोडी वर-खाली होते. त्याची खूण म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, जी मे महिन्यात रुंद आणि सप्टेंबरमध्ये जवळजवळ मिटलेली असते. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक जाळीदार भेगांना भिऊ नये. तिरपी, एका टोकाला रुंद होत गेलेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग मात्र गंभीर. सगळ्या भिंती जुन्या आणि एकाच ठिकाणी पुट्टीचा ताजा पट्टा दिसला, तर तिथं बोटानं दाबून बघावं. दारं चौकटीत घासतात का, लादीवर गोटी ठेवली तर एकाच दिशेला पळते का, हे बघायला इंजिनिअर लागत नाही. मोरीचं पाणी किंवा नालीचं गळकं तोंड इमारतीच्या एकाच बाजूला मुरत असेल तर ती बाजू आधी खचते. हे कारण सापडलं तर बरंच, कारण पाइप बदलणं पाया बदलण्यापेक्षा किती तरी स्वस्त.

इमारत कुठल्या साली बांधली, हे विचारण्यामागं पाण्याचंच कारण आहे. काँक्रीटला पाणी मारावं लागतं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, आणि पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असून हवा कोरडी-तापलेली असेल तर 14 दिवस, असं भारतीय मानक सांगतं. 2012-13, 2015-16 किंवा 2018-19 च्या दुष्काळी उन्हाळ्यात, प्यायला पाणी नसताना, स्लॅबवर चौदा दिवस गाळ्यांत पाणी साठवून ठेवणारा गुत्तेदार विरळा. अशा स्लॅबचा वरचा थर कमजोर राहतो, त्यातून पाणी झिरपतं, सळई गंजते, फुगते आणि खालून पोपडा पडतो. गच्चीखालच्या घरात, विशेषतः संडास-बाथरूमच्या छताला, हातोडीच्या दांड्यानं हलके ठोके द्यावेत. घट्ट टणटण आवाज आला तर ठीक. पोकळ डबडब आवाज आला तर आतली सळई सुटलेली आहे. ज्यांना अंदाज येत नाही त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअर न्यावा, त्याच्याकडून रिबाऊंड हॅमरची, म्हणजे काँक्रीट किती टणक आहे हे दाखवणारी चाचणी करून घ्यावी. दहा-वीस हजारांची ही फी लाखोंच्या व्यवहारात वाचवावीशी का वाटते, ते मला अजून उमगलेलं नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून माणसं गाडली गेली. तेव्हापासून ‘पिलरचं आहे ना’ एवढ्या उत्तरावर इथला माणूस निश्चिंत होतो. पण पिलर दोन मजल्यांसाठी काढलेले आणि चढवले तीन, असं सर्रास असतं. मूळ मंजूर नकाशात किती मजले आहेत ते बघून, उभ्या मजल्यांशी ताडून घ्यावं. गच्चीवर आकाशाकडं तोंड करून उभ्या असलेल्या गंजक्या सळया दाखवून ‘वर अजून एक मजला चढतो’ म्हणणाऱ्याला त्या मजल्याचा एक रुपयाही देऊ नये. पाया, चटई क्षेत्र, पार्किंग आणि महापालिकेची परवानगी या चारही गोष्टी जमल्या तर तो चढेल, आणि तोवर त्या सळया वापरण्यालायक राहिलेल्या नसतील.

आता कागद. या विषयात मराठवाडा बाकी महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे, कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि जमिनीचा इतिहास तिथून येतो. शहराभोवतीच्या बऱ्याच जमिनी मूळच्या इनामी. मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेली, खिदमतमाश म्हणजे मशीद, दर्गा, देवळाच्या सेवेसाठी दिलेली. 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानं इनामं संपली, पण सेवेसाठी दिलेल्या जमिनींचा प्रश्न वेगळा राहिला. अशी जमीन नंतर प्लॉट पाडून विकली गेली असली, तरी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) किंवा इतर हक्कांत जुनी नोंद शिल्लक असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेलं हस्तांतर पुढं अडकतं. म्हणून आजची मालमत्ता पत्रिका पाहून भागत नाही. ज्या सर्व्हे नंबरवर किंवा गट नंबरवर ती वसाहत उभी आहे, त्याचे जुने सातबारे, फेरफार, खासरा पत्रक (कब्जाची जुनी नोंद) आणि गरज पडली तर मुंतखब (निजामकाळातला इनामाचा कागद) काढावं लागतं. उर्दूतले कागद वाचणारा माणूस आणि ते समजणारा वकील दोन्ही लागतात. वक्फ मंडळाच्या यादीतही तो नंबर बघून घ्यावा, मंडळाचं मुख्यालय संभाजीनगरला पाणचक्कीलाच आहे.

दुसरी गाठ गुंठेवारीची. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळं रीतसर विकता येत नव्हते, म्हणून ते शंभराच्या बॉण्डवर, नोटरीसमोर विकले गेले आणि त्यांवर अख्ख्या वसाहती उभ्या राहिल्या. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं आणि 2021 च्या सुधारणेनं, 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या अशा बांधकामांना शुल्क भरून नियमित करून घ्यायची वाट मिळाली. इमारत गुंठेवारीची असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आणि सोबतचा नकाशा मागावा. ‘फाईल टाकलेली आहे’ याचा अर्थ काहीच झालेलं नाही असा घ्यावा. आणि नियमित झालं म्हणजे बांधकाम मान्य झालं, जमिनीच्या मालकीचा वाद त्यानं मिटत नाही.

औद्योगिक वसाहतीभोवतीच्या गावांत ‘आठ नंबर’ दाखवतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा कागद नाही. बजाजनगरला एमआयडीसीची जमीन, म्हणजे 95 वर्षांचा भाडेपट्टा आणि हस्तांतराला महामंडळाची संमती. सिडकोच्या भागातही ना-हरकत आणि हस्तांतर शुल्काची चौकशी इसाराआधी करावी. बाकी नेहमीचं: अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, विकास आराखड्यात रस्ता किंवा आरक्षण जातं का याचा झोन दाखला. 2025 मध्ये संभाजीनगरात रस्ता रुंदीकरणासाठी जी पाडापाडी झाली, तिच्यानंतर या दाखल्याचं महत्त्व कुणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

वाटणीतली इमारत असेल तर सगळे वारस सहीला हवेत, आणि सगळे म्हणजे बहिणीसुद्धा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘बहिणींचं काही म्हणणं नाही’ हे भावानं सांगून चालत नाही, त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी करून द्यावं, नाहीतर खरेदीखतावर स्वतः सही करावी. वारसांत अज्ञान मूल असेल तर न्यायालयाच्या परवानगीचा विषय येतो. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध घ्यावा, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, आणि हे सगळं होईपर्यंत इसाराची रक्कम छोटी ठेवावी. इसार पावतीत एक वाक्य असावं की मालकी निर्वेध न निघाल्यास रक्कम परत. कागदांची एक फुकटची परीक्षाही आहे: स्वतःला कर्ज नको असलं तरी राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन या मिळकतीवर कर्ज देता का, असं विचारावं. बँकेच्या पॅनेलवरचा वकील ज्या कागदांवर नाही म्हणतो, त्यांवर आपण रोख पैसे का द्यावेत?

हे सगळं ठीक निघालं तरच पेन उघडायचं. समजा 30 बाय 40 चा प्लॉट, त्यावर तळमजला आणि वर दोन मजले, सहा वन बीएचके, प्रत्येकी 6,500 किराया, मागणी 75 लाख. वर्षाचा किराया 4,68,000. एक महिना रिकामा धरून 39,000 वजा, राहिले 4,29,000. आता खर्च: मालमत्ता कर 18,000, टँकर 20,000, मोटर आणि जिन्याचे दिवे 18,000, दुरुस्ती किरायाच्या दहा टक्के म्हणजे 47,000, विमा 6,000, झाडलोट आणि देखरेख 24,000, करारनामे आणि दलाली 15,000. एकूण 1,48,000. हातात 2,81,000. शहर आणि इमारत बदलली की यातला प्रत्येक आकडा बदलतो, ओळी मात्र याच राहतात. नवखा माणूस दुरुस्तीची ओळ हमखास गाळतो, आणि सातव्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मोटर आणि रंग एकदम अंगावर येतात.

दुसरी बाजू 75 लाखांची नाही. मुद्रांक शुल्क रेडीरेकनरची (सरकारनं ठरवलेली) किंवा करारातली किंमत, जी जास्त असेल तिच्यावर लागतं. 6 टक्के धरलं तर साडेचार लाख. नोंदणी फी जास्तीत जास्त 30,000. वकील, इंजिनिअर, मोजणी 40,000. सुरुवातीची डागडुजी 2,80,000. झाले 83 लाख. 83 लाखांवर 2,81,000 म्हणजे 3.4 टक्के.

अमेरिकन व्हिडिओंत सांगतात की महिन्याचा किराया किमतीच्या एक टक्का हवा. इथं तो निम्म्याच्या आसपास आहे, आणि एक टक्क्याची इमारत शोधत बसलं तर बॉण्डवरचीच सापडेल. त्यापेक्षा उलट गणित करावं. निव्वळ पाच टक्के हवे असतील तर सगळा खर्च धरून 56 लाख घालता येतात, म्हणजे विकणाऱ्याला 50 लाखांच्या आसपास. तो मागतो 75. मधले 25 लाख हा आशेचा तुकडा: रस्ता होईल, बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने येतील, भाव दुप्पट होईल. बिडकीनला कारखाने येतही असतील. पण त्या आशेला 25 लाख द्यायचे असतील तर नुसता मोकळा प्लॉट घेणं सोपं. त्याला ना मोटर जळते, ना नळ गळतो.

कर्ज काढून घेणाऱ्यांसाठी एवढंच. 50 लाख, 9 टक्के, 15 वर्षं, हप्ता सुमारे 50,700. वर्षाला 6,08,000. इमारत देते 2,81,000. महिन्याला 27 हजार खिशातून, तेही वर्षात एकच महिना रिकामा गेला अशा बऱ्या वर्षी. पगारातून तेवढे निघत असतील तरच सही करावी. ‘किराया हप्ता भरेल’ या हिशेबानं घेतलेल्या इमारती चार वर्षांनी लिलावात दिसतात.

सौदा 50 लाख किंवा त्याहून मोठा असेल तर रकमेच्या 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, विकणाऱ्याची नाही. आणि किंमत रेडीरेकनरपेक्षा फार खाली दाखवायचा मोह टाळावा. फरक दहा टक्क्यांच्या पुढं गेला की तो घेणाऱ्याचंही उत्पन्न धरला जाऊ शकतो.

खरेदीखताच्या आधी सहाही घरांत जाऊन बसावं. प्रत्येक किरायेदाराकडून अर्ध्या पानावर लिहून घ्यावं: कधीपासून राहतो, किराया किती, डिपॉझिट किती, मालकाकडं येणं-देणं काही आहे का. खाली त्याची आणि मालकाची सही. जुना, तोंडी बोलीवर पंधरा वर्षं बसलेला किरायेदार याच वेळी उघडा पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी घरमालकाची आहे. केलेला नसेल तर वादात किरायेदार सांगतो त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नवा मालक म्हणून सगळ्यांशी अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार नव्यानं नोंदवावेत. मुद्रांक एकूण किरायाच्या पाव टक्का आणि नोंदणी फी शहरात 1,000, गावात 500, एवढाच खर्च. जो सही करायला तयार नाही, त्याचं घर जुन्या मालकानं रिकामं करून द्यायचं, आणि तोवर खरेदीखत थांबवायचं.

डिपॉझिटची रक्कम किमतीतून वजा करायला लोक विसरतात. सहा जणांचे पंधरा-पंधरा हजार म्हणजे 90 हजार जुन्या मालकाच्या खात्यात पडलेले असतात आणि घर सोडताना ते मागितले जातात नव्या मालकाला. खरेदीखतात हा आकडा घरनिहाय लिहावा. त्याच दिवशी सहाही मीटरचं रीडिंग आणि बोअरच्या मोटरचा फोटो काढून ठेवावा. मोटर रातोरात बदलली जाते.